बाहेर बसायचे तीन दिवस

अक्का गेली, त्याला आता वर्ष होत आलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चार महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं, बाई वाचली असती. ते चार महिने कुठं गेले, हे आमच्या घरात मला एकटीलाच माहीत आहे. गावात सगळे म्हणतात, नशीब, दुसरं काय. मलाही तेवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण उगाच नशिबाला कशाला नावं ठेवायची? जे झालं ते माझ्या तोंडानं झालं, आणि ते तोंड अजून शाबूत आहे.

आमचं गाव भोकरच्या पुढं. दोघं भाऊ एकत्र, चूल एकच. सासूबाई, दोघींची लेकरं, येणारे-जाणारे, शेतातली माणसं. चौदाच्या खाली पानं कधी मांडलीच नाहीत. आणि आमच्या घरात बाई बाहेर बसते. हे वाचून शहरातल्या बाया तोंडावर हात ठेवतील, अगं बाई, अजून? हाव, अजून. अडचण आली की तीन दिवस चुलीला, घागरीला, देवाला हात लावायचा नाही. ओसरीच्या टोकाला एक बाज, वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी वाकळ. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की परत आत.

माझी लेक लातूरला कॉलेजात आहे. ती म्हणते, मम्मी, हा सगळा जुलूम आहे. असेल बाई. पण तिला अजून चौदा माणसांच्या भाकरी थापाव्या लागल्या नाहीत. मला विचाराल तर त्या तीन दिवसांइतकं सुख सासरनं मला दुसरं काही दिलं नाही. पोट दुखायचं, कंबर धरायची, पण पाठ बाजेला टेकलेली असायची आणि आयतं ताट समोर यायचं. माझे तीन दिवस अक्का चूल बघायची, तिचे तीन दिवस मी. तोंडानं काही ठरलेलं नव्हतं, तरी फिट्टंफाट होती.

ती मोडली माझ्याकडून. छत्तीसाव्या वर्षी माझ्या अंगावरून लई जायला लागलं. माहेर लातूरचं, म्हणून भावानं तिकडं नेलं. तिथल्या एका डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होऊ शकतो, काढून टाका. दोन लेकरं झालीत ना, मग कशाला ठेवता? नवऱ्यानं मान हलवली, भावानं हलवली, मग मी पण हलवली. आणखी एका डॉक्टरला विचारावं, आधी गोळ्या घेऊन बघाव्यात, हे कुणाला सुचलं नाही. सोयाबीन काढणीला आलं होतं, सगळ्यांना घाई होती. पिशवीसंगं दोन्ही अंडाशयं पण काढून टाकली होती. हे मला दहा वर्षांनी कळलं, लेकीनं जुने कागद वाचून दाखवले तेव्हा.

बाकीच्या बायांची पाळी जाते ती हळूहळू जाते. कधी दोन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांनी, अशी चार-पाच वर्षं झुलवते आणि मग थांबते. माझी एका सकाळी गेली. महिना झाला न झाला तोच अंगातून वाफा निघायला लागल्या. छातीतून उकळी फुटायची ती कानशिलापर्यंत चढायची, पोलकं भिजून चिंब, आणि पाचच मिनिटांत हुडहुडी. पौषातल्या थंडीत मी हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारायची. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. नवरा माझं बीपी तपासून घेऊन आला आणि म्हणाला, काही नाही, तुझ्या डोक्यातच आहे. झोप उडाली, टाचा धरल्या, आणि लेकराच्या हातून वाटी पडली तरी मी अंगावर धावून जायला लागले. असं होणार आहे, त्याला इलाज असतो, निदान हाडांसाठी काही घ्यायचं असतं, हे मला एका माणसानं सांगितलं नाही. कापायला मात्र सगळे हजर होते.

सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई."

कसली सुटले? अडकले. आता मी कायमची सोवळी. तिसाच्या तीस दिवस चूल माझी, देव माझे, सणवार माझे. अक्काचे तीन दिवस मात्र चालूच. दर महिन्याला ती बाजेवर पाय पसरून बसायची, मिसरी लावायची, आणि तिथूनच हसत हसत ओरडायची, "धाकटे, आज भाकरीला पापुद्राच न्हाई गं आला!" थट्टाच होती ती. आधी मीही तिला बाजेवरून अशीच पिडायची. पण आता माझा तळतळाट व्हायचा. अशी बारा वर्षं गेली. कुणी म्हणेल, पिशवी काढली की बाई चिडचिडी होतेच, तुझा काय दोष. न्हाई. चिडचिड शरीराची असेल, बोलणं माझं होतं.

बाईचं बाईला दिसतं. अक्काची कापडं न्हाणीमागच्या दोरीवर वाळायची, वरून जुनं लुगडं टाकून झाकलेली. एका उन्हाळ्यात वारं सुटलं, लुगडं उडालं, तर खाली काहीच नाही. नुसतीच दोरी. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम लुगडं उचलून बघितलं. तेव्हाही काही नाही. अक्का बावन्न वर्षांची. तिची पाळी कधीच बंद झाली होती आणि ही बया दर महिन्याला तारीख धरून ओसरीवर बसत होती. फसवून राहिली आपल्याला, म्हणलं. असा संताप आला की काय सांगू. तरी मी बोलले नाही. मला तिला चारचौघांत धरायचं होतं.

त्याच पावसाळ्यात आशाताईनं अंगणवाडीत बायांची बैठक बोलावली. तालुक्याहून एक नर्सबाई आल्या होत्या. पाळी जाण्याच्या वयाबद्दल सांगणार म्हणून निम्म्या बाया लाजून आल्याच नाहीत. मी पहिल्या रांगेत. अक्का त्या दिवशी बाहेर बसलेली होती, म्हणून ती घरीच. नर्सबाई चांगलं सांगत होत्या. वाफा का येतात, दूध, नाचणी, ऊन का लागतं, रोज चालावं का, चिडचिड झाली तर घरच्यांनी काय समजून घ्यावं. त्या वाफांचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, बारा वर्षांनी. मग मी हात वर करून विचारलं, "पन्नाशी उलटल्यावरबी एखादीला अगदी तारखेला येत असती का?" त्या म्हणाल्या, "बहुतेक न्हाई येत. त्या वयात पाळीचा काही नेम राहत न्हाई."

झालं. मला पाहिजे होतं ते मिळालं. त्या पुढं म्हणाल्या, बोट वर करून म्हणाल्या, "एक ध्यानात ठेवा. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं आणि त्यानंतर नुसता डाग जरी दिसला, तरी ती पाळी न्हाई. ते अंगावर काढायचं न्हाई. लगेच दवाखाना गाठायचा." हे मी ऐकलं. बहिरी नव्हते मी. पण घरी येताना माझ्या डोक्यात अक्काच होती.

महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठ्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कढी, भजी, सगळं धुतलेलं नेसून, उपाशीपोटी. दोन्ही नणंदा लेकराबाळांसंगं आलेल्या. त्या माहेरवाशिणी, त्यांनी चुलीपाशी यायचं कामच नव्हतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे मी आणि अक्का.

उजाडता उजाडता मी डाळ शिजत घातली होती. अक्का न्हाणीकडून आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "धाकटे, अडचण आली गं."

माझ्या पुढ्यात पुरणाची डाळ, ढीगभर भाज्या, परातभर कणीक. म्हणलं, "बरोब्बर महालक्ष्म्यालाच बरी येती गं तुझी!"

तिनं माझं मनगट धरलं आणि मला न्हाणीत नेलं. परकराची घडी उलटून दाखवली. "लई दिसांनी झालंय," म्हणाली. "मलाच भ्या वाटून राहिलं. तू बघ तरी."

मी बघितलं. रुपयाएवढा डाग होता. तांबूस, कडेनं काळपट. माझी स्वतःची पाळी वीस-बावीस वर्षं होती. रक्त काय आणि कुंकू काय, मला कळत नव्हतं होय? कळलं. नर्सबाईंचं बोट पण आठवलं असणार. आठवलं नाही असं मी आज म्हणू शकत नाही. पण आज ही खरी बसणार आणि हा सगळा डोंगर मी एकटी उपसणार, एवढंच त्या घडीला मला दिसत होतं.

मी तरातरा माजघरात गेले. सासूबाई, नणंदा, शेजारच्या दोघी, सगळ्या महालक्ष्म्यांपुढं बसल्या होत्या. "आत्याबाई, ऐका," मी म्हणाले. "हिची कधीचीच बंद झालीय. इतके दिवस ही फुकट बाजेवर लोळून राहिली. अन् आज परकराला कुंकवाचं पाणी लावून मला दाखवून राहिली."

धाकटी नणंद फस्सकन हसली. शेजारणींनी पदर तोंडाला लावले. अक्का दारात उभी. सासूबाईंनी विचारलं, "खरं का गं?"

"बंद झालती, आत्याबाई," अक्का म्हणाली. "दोन वर्षं मी खोटंच बसले, ते खरं हाय. कंबर धरती, वाफा येतात, म्हणून बसले. पण आज देवाशपथ खरं झालंय."

"देवीच्या दारात शपथा घेऊ नको. डोक्यावरून पाणी घे अन् चुलीपुढं बस."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगेन असं तिला वाटलं असावं. मी भाजीची टोपली उचलून तिच्या हातात दिली.

त्या दिवशी पुरण तिनं वाटलं, पोळ्या तिनं लाटल्या, सोळाच्या सोळा भाज्या तिनं फोडणीला टाकल्या. मी वर-वरचं केलं आणि दुपारी सगळ्यांच्या देखत त्या बाजेवर जाऊन बसले. "आता दोन वर्षं माझी," म्हणाले, आणि नणंदा हसून हसून लोटपोट. मी पोटभर जेवले. पोळी मऊसूत झाली होती.

त्यानंतर अक्का कधी बाहेर बसली नाही. मंगळवार-शुक्रवार उपास धरायला लागली. गडद रंगाचीच लुगडी नेसायची. दिवसातून दोनदा अंघोळ करायची, देवघराच्या उंबऱ्याशी थांबायची पण आत जायची नाही. थट्टा बंद झाली. माझी भाकरी करपली तरी बोलायची नाही. सासूबाई म्हणायच्या, बघ, कशी सरळ झाली. मला एक-दोनदा विचारावंसं वाटलं, अक्का, काय होतंय? पण विचारलं असतं तर चारचौघांत बोललेलं माझं मलाच गिळावं लागलं असतं. मी विचारलं नाही. असा दसरा गेला, दिवाळी गेली.

येळवसेला, मार्गशीर्षातल्या अवसेला, आम्ही सगळे शेतात गेलो. कडब्याची खोप केली, पूजा झाली, भज्जी-भाकरी, आंबील. जेवणं उरकल्यावर मी अक्काला हाक मारली, टोपली डोक्यावर द्यायला. ती धुऱ्याच्या बांधावर बसली होती, तिला उठताच येईना. बगलेत हात घालून उठवलं, तर टाचेपर्यंत ओघळ आलेला. बसली होती तिथल्या काळ्या मातीवर पण. वास आला. तो वास मी घरात महिनाभर घेत होते आणि म्हशीच्या गोठ्याकडं बोट दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी तिला नांदेडला मीच नेलं. थोरले दीर बाहेर बाकावर बसले, बायकांचं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी बंद होऊन किती दिवस झाले?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. आयुष्यात मला कधी इतकी लाज वाटली नाही. बावन्न वर्षांची बाई, स्वतःच्या पाळीची तारीख सांगायला माझ्या तोंडाकडं बघते. मी म्हणाले, "सांग अक्का, खरं असंल ते सांग."

"दोन वर्षं अन् वर काही महिने," ती म्हणाली.

"आणि हे परत कधीपासून जातंय?"

"महालक्ष्म्याच्या जेवणापासून."

"चार महिने? कोणालाच सांगितलं नाही?"

आता माझं नाव येणार. यायलाच पाहिजे होतं.

अक्का म्हणाली, "देवीचा कोप म्हणून सोसलं बाई. मी विटाळात निवद केला ना. मंग कुणाला सांगणार?"

डॉक्टरीणबाई रागावल्या. शिकल्या-सवरल्या काळात असं कसं वागता म्हणाल्या, आणि ते सगळं अक्कालाच म्हणाल्या. तपासलं, तुकडा काढून पाठवला. पिशवीच्या तोंडाशी गाठ होती आणि ती आजूबाजूला पसरली होती. आता काढण्यासारखी राहिली नाही, म्हणाल्या. औषधं आणि विजेचे शेक. माझी पिशवी गरज नसताना काढली आणि हिची काढायची वेळ निघून गेली. घरी येताना जीपमध्ये हाच विचार करत होते, आणि अक्का मला म्हणत होती, "धाकटे, तुला उलटीचं होतंय का? खिडकीकडं बस."

शेक लातूरला द्यायचे ठरले, माझ्या भावाकडं राहून. मीच राहिले तिच्याजवळ. घरचे म्हणाले, जाऊ असावी तर अशी. पाच आठवडे रोज सकाळी रिक्षानं दवाखाना, दुपारी परत. तिच्या तोंडाची चव गेली, कातडी भाजली, केस विंचरायला घेतले की हातात यायचे. सासूबाईंचा फोन यायचा, "महालक्ष्म्यापर्यंत बरी होईल ना? दोघीबी नसल्या तर कसं करावं?" मी फोन ठेवून द्यायची.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी भाऊ-वहिनी कामावर गेलेली. अक्का चटईवर पडली होती, मी तिच्या पायाला खोबरेल लावत होते. लई बारीक झाले होते पाय. ती छताकडं बघत म्हणाली, "धाकटे, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"त्या दिवशी न्हाणीत. तुला ते खरंच कुंकू वाटलं का गं? का कळलं होतं?"

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. ती माझ्याकडं बघत नव्हती, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघू शकले. सांगावं, असं मनापासून वाटलं. सांगायचंच होतं. ती उठून माझ्या तोंडात मारेल, मारू दे. सगळ्यांना सांगेल, सांगू दे. आणि जिभेवर आलं ते भलतंच आलं.

"कुंकूच वाटलं, अक्का."

तिनं मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

"मंग तुझा काय दोष," ती म्हणाली. "मी दोन वर्षं खोटं बसले. तुला तरी कसं खरं वाटावं?" आणि माझ्या तेलकट हातावर आपला हात ठेवून तिनं डोळे मिटले.

माझं तिला लगेच खरं वाटलं.